परीक्षामुक्त खुर्ची: नवशिक्या महापौरांसाठी प्राथमिक पाठ

अभिनंदन, महापौरसाहेब. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराने तुम्हाला निवडून दिलं आहे. तिकडे गुलाल उधळत नाहीत, ढोलताशेही नसतात. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी दारात जी रांग लागते ती ओळखायला मराठी माणसाला दुभाषा लागत नाही. रांगेत पहिला तो, ज्याने चार महिने तुमची गाडी चालवली. त्याच्यामागे तो, ज्याने बर्फात घरोघरी पत्रकं वाटली. ज्याने पैसे जमवले तो रांगेत दिसणार नाही, त्याची गाडी कोपऱ्यावर उभी आहे. आणि सगळ्यात शेवटी एक बाई आहेत. त्यांना शहराच्या पाणीपुरवठ्यातलं खरोखर कळतं. त्यांना कुणी पाठवलेलं नाही, आपणहून आल्या आहेत.

या चौघांची सोय कशी लावायची, एवढाच या पाठांचा विषय. मुंबई-पुण्याच्या महापौरांनी पान उलटलं तरी चालेल. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यापासून आयुक्त नेमण्याचा अधिकार वरच्या सरकारचा आहे. महापौरांनी सभा चालवावी, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यावा आणि आयुक्तांना पत्र लिहावं. अमेरिकेतल्या शिकागो, न्यूयॉर्कसारख्या शहरांत मात्र महापौर हाच कारभारी. अख्खं शहर त्याच्या हाती, फक्त नोकरभरती सोडून.

पाठ पहिला: अडचण कोणी करून ठेवली

तुम्ही मोठ्या उत्साहाने म्हणता, आपल्या ड्रायव्हरला रस्ते खात्यात कुठेतरी चिकटवून टाका. समोरचा कारकून चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, साहेब, त्या जागेला परीक्षा आहे. परीक्षा झाली की गुणवत्ता यादी लागते, आणि न्यूयॉर्कचा नियम असा की यादीतल्या वरच्या तिघांतूनच एकाला घ्यायचं. वरच्या तिघांत तुमचा ड्रायव्हर नसतो. तीनशेतही नसतो.

हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्याचं नाव चार्ल्स गिटो. आपल्या एका भाषणामुळेच जेम्स गारफिल्ड राष्ट्राध्यक्ष झाले अशी या गृहस्थाची पक्की समजूत होती, आणि त्या उपकाराच्या बदल्यात त्याला पॅरिसमधली वकिलातीची जागा हवी होती. खेटे घालून जोडे झिजले तरी ती मिळेना, तेव्हा २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनावर त्याने राष्ट्राध्यक्षांना गोळी घातली. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. वशिल्याच्या राज्यात नोकरी न मिळालेला माणूस काय करू शकतो हे देशाने पाहिलं आणि जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला. तो केंद्र सरकारच्या नोकऱ्यांपुरता होता, पण त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने आपला कायदा केला, आणि १८९५ मध्ये शिकागोवरही परीक्षेचं जोखड आलं.

यात आपलाही एक धागा आहे. अमेरिकन सुधारकांनी नमुना म्हणून इंग्लंडकडे पाहिलं होतं, आणि इंग्लंडने खुली स्पर्धापरीक्षा आधी करून पाहिली ती हिंदुस्थानात पाठवायच्या सनदी नोकरांवर, १८५५ मध्ये, लंडनला. म्हणजे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मध्यरात्रीपर्यंत डोळे फोडणारं पोरगं आणि न्यूयॉर्कच्या सफाई खात्याच्या परीक्षेला बसलेला उमेदवार हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत. दोघांचा शत्रूही एकच: ज्याला कुणीतरी पाठवलंय तो.

न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या पक्षयंत्रणेतले जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट जिल्हा न्यायालयातल्या बूटपॉलिशवाल्याच्या खुर्चीत बसून राजकारणाचे धडे द्यायचे. त्यांचं परीक्षापद्धतीविषयीचं मत इथे छापण्यासारखं नाही, म्हणजे अश्लील नाही, पण फार लांबलचक आहे. गाळीव सार इतकंच की कार्यकर्त्याला नोकरी देता येत नसेल तर तो तुमचं काम कशाला करेल? या माणसाने स्वतः एकाच वर्षी चार सरकारी पदं सांभाळली आणि त्यातल्या तीन पदांचे पगार घेतले. चौथ्याचा का सोडला कोण जाणे.

पाठ दुसरा: दार कुठे आहे

घाबरू नका. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत १८९४ पासून लिहिलंय की नेमणुका गुणवत्तेवर व्हाव्यात, गुणवत्ता शक्य असेल तेथवर परीक्षेने ठरवावी, आणि परीक्षा शक्य असेल तेथवर स्पर्धेची असावी. ‘शक्य असेल तेथवर’ एकाच वाक्यात दोनदा येतं. नवशिक्याने या शब्दांखाली लाल पेन्सिलीने रेघ मारावी. पुढचं सगळं शास्त्र त्यातून निघालं आहे.

परीक्षा घेणं जिथे शक्य नाही अशा जागांचा एक वर्ग कायद्यानेच केला आहे. त्याला आपण परीक्षामुक्त म्हणू. खातेप्रमुखाचा सचिव, त्याच्या वतीने निर्णय घेणारा उपआयुक्त, अशी माणसं त्यात येतात. विचार करा, महापौरांच्या मनातलं ओळखून पत्राचा मसुदा करणाऱ्या माणसाची परीक्षा कशी घ्यायची? ‘साहेब चिडले आहेत, योग्य पर्याय निवडा’ असा प्रश्न काढायचा? इथे कायदा शहाणपणाने वागला आहे, आणि आमच्यासारख्या खवचट माणसांनाही ते कबूल करावं लागतं.

पाण्यातलं कळणाऱ्या त्या बाई आठवतात? हा दरवाजा खरं तर त्यांच्यासाठी आहे. वीस वर्षं धरणं, बोगदे आणि जलवाहिन्या पाहिलेल्या माणसाला बहुपर्यायी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवून वरच्या तिघांत आला तरच घेऊ असं म्हणणं म्हणजे पंगतीला बोलावलेल्या आचाऱ्याला आधी पाककृतीवर निबंध लिहायला सांगण्यासारखं आहे. त्यांना उपआयुक्त करा, आणि काम जमलं नाही तर सोमवारी सकाळी निरोपाचा चहा द्या. परीक्षामुक्त खुर्चीचा सौदा असाच असतो: येताना परीक्षा नाही आणि जाताना संरक्षण नाही.

पण तुमच्या डोक्यात अजून ड्रायव्हरच आहे. ठीक आहे, त्याच्यासाठी परीक्षामुक्त जागा निर्माण करायची कृती सांगतो. न्यूयॉर्क शहरात आधी प्रस्ताव तयार होतो: अमुक खात्यात, अमुक पदनामाच्या, इतक्या जागा. आकडा लिहायला विसरू नका, कारण आकडा नसेल तर कायदा त्या पदनामाखाली एकच माणूस धरतो. मग शहराच्या ‘सिटी रेकॉर्ड’ या अधिकृत वृत्तपत्रात सूचना छापायची. ते वाचणारा माणूस एक तर कामगार संघटनेचा असतो किंवा फार एकटा असतो. मग जाहीर सुनावणी. मग तुमची सही. मग राज्याच्या नागरी सेवा आयोगाची मंजुरी. एवढं सगळं ड्रायव्हरसाठी करायला लाज वाटली नाही तर तुमचं राजकारणात भवितव्य आहे.

आता मंत्र. दोनच शब्द आहेत: ‘गोपनीय’ आणि ‘धोरणावर परिणाम करणारे’. पदाच्या वर्णनात यांतला निदान एक तरी यायलाच हवा. हे शब्द कायद्यातले आहेत, आम्ही बनवलेले नाहीत. साहेबांना कुठे सोडलं, कुणाकडे किती वेळ थांबलो, मागच्या सीटवर कोण होतं, हे ड्रायव्हरला माहीत असतं. याहून गोपनीय काय असतं? तरी सावध राहा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ब्रांटी खटल्यात सांगून ठेवलंय की नुसत्या पाटीने भागणार नाही. त्या कामाला अमुक पक्षाचाच माणूस का लागतो ते दाखवा. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी त्यात सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा दाखला दिला. तो धोरण ठरवतो हे खरं, पण तो रिपब्लिकन असल्याने किंवा डेमोक्रॅट असल्याने संघ जास्त जिंकतो असं कुणी म्हणणार नाही. हा दाखला वाचून आम्हाला न्यायालयांविषयी आदर वाटला. तुम्हाला तो अडचणीचा वाटेल.

पाठ तिसरा: हंगामी

सुनावणी वगैरेचा कंटाळा असेल तर मराठीतला एक लाडका शब्द शिका: हंगामी. परीक्षा अजून झाली नाही, यादी अजून लागली नाही, काम तर थांबू शकत नाही. म्हणून तात्पुरता एक माणूस. थोरले रिचर्ड डेली १९५५ ते १९७६ शिकागोचे महापौर होते. त्या काळात शहरात आणि परगण्यात मिळून तीसेक हजार नोकऱ्या पक्षाच्या हातात होत्या असा अंदाज नेहमी सांगितला जातो. ही किमया मुख्यतः हंगामी नेमणुकांची. मुदत संपली की पुन्हा नेमायचं, आणि परीक्षा जाहीर करायचीच नाही. हंगाम संपतच नसे.

न्यूयॉर्कमध्ये हंगामी माणूस नऊ महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही असा कायदा आहे. नऊ महिने ही मुदत कुणी आणि का निवडली याविषयी विनोद करायचा मोह आवरतो. २००७ मध्ये लाँग बीच नावाच्या एका छोट्या शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नऊ महिने म्हणजे नऊ महिने. तेव्हा शेजारच्या न्यूयॉर्क शहराने आपल्या वह्या उघडल्या, आणि तिथे सुमारे ३७,००० हंगामी निघाले. कित्येक वर्षानुवर्षं हंगामी. पुढच्याच वर्षी विधिमंडळाला खास कायदा करून शहराला हा आकडा हळूहळू खाली आणायची सवड द्यावी लागली. हे सगळे वशिल्याचे होते असं समजू नका. बहुतेक प्रामाणिकपणे काम करत होते, कारण परीक्षा घ्यायला प्रशासनालाच उसंत नव्हती. आळस आणि वशिला कागदावर अगदी सारखे दिसतात, हे हंगामी पद्धतीचं खरं सौंदर्य.

पाठ चौथा: हे मात्र करू नका

इथे जरा बसा, पाणी प्या. हा पाठ मोठा आहे.

शिकागोत वशिल्याला ‘क्लाउट’ म्हणतात, आणि महापौरांच्या कार्यालयाला नुसतं ‘पाचवा मजला’. हे दोन शब्द एका वाक्यात आले की तिथला माणूस आवाज खाली आणतो. १९४८ मध्ये अ‍ॅबनर मिक्वा नावाचा कायद्याचा विद्यार्थी निवडणुकीत फुकट काम करायला म्हणून वॉर्डाच्या कचेरीत गेला. तिथल्या प्रमुखाने विचारलं, तुला कुणी पाठवलं? कुणीच नाही, मिक्वा म्हणाला. तर प्रमुखाने सिगार परत तोंडात ठेवत सांगितलं की ज्याला कुणी पाठवलं नाही तो आम्हाला नको. फुकट काम करणाऱ्यालाही ओळख लागे! मिक्वा पुढे खासदार झाले, केंद्रीय न्यायाधीश झाले, आणि हा किस्सा आयुष्यभर सांगत राहिले.

१९६९ मध्ये मायकेल शॅकमन नावाच्या तरुण वकिलाने राज्याच्या घटनापरिषदेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली आणि हरला. पडलेला उमेदवार सहसा मतदारांना दोष देतो. याने कोर्टात दावा लावला: सरकारी नोकरांना पक्षाच्या कामाला जुंपतात, मग अपक्षाने निवडून यायचं कसं? त्यातून १९७२ मध्ये शहराने राजकारणावरून नोकरीवरून काढणं थांबवायचं कबूल केलं, आणि १९८३ मध्ये राजकारणावरून नोकरी देणंही. खटला नव्या शतकात पोचला तेव्हा शॅकमन म्हातारे झाले होते.

आता मुद्दा नीट ऐका, कारण तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या तडजोडीत कोर्टाने महापौरांना खुर्च्या दिल्याच होत्या. वरिष्ठ पदांची एक यादी होती, आणि त्या यादीतल्या जागांवर महापौरांनी उघडपणे, पक्ष बघून, आपली माणसं बसवावीत, कुणी हरकत घेणार नाही. मेज मांडलेलं, पाटपाणी घेतलेलं. पण रांग यादीपेक्षा लांब होती. यादीत उपआयुक्त होते. रांगेत झाडं तोडणारे, नळजोडणीवाले आणि फोरमन व्हायला निघालेले लोक होते.

मग धाकट्या डेलींच्या कारकिर्दीत, म्हणजे थोरल्यांच्या चिरंजीवांच्या, पाचव्या मजल्यावरून एक युक्ती चालली. कार्यालयाचं नाव होतं आंतरशासकीय व्यवहार विभाग. ज्या नावाने झोप यावी त्या कार्यालयाचा दरवाजा आधी उघडून पाहावा, हा आमचा जुना अनुभव. तिथून खात्यांकडे नावं जात. जाहिरात रीतसर निघे, अर्ज रीतसर येत, मुलाखती रीतसर होत. फक्त गुण मुलाखतीआधीच ठरलेले असत. परीक्षक फॉर्मवर आकडे भरत, आणि ज्यांची नावं खाली पाठवलेली असत ते वर येत. २००४ मध्ये एका कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्याचा १९ वर्षांचा मुलगा इमारत निरीक्षक म्हणून नेमला गेला. एकोणिसाव्या वर्षी त्याने किती इमारती पाहिल्या असतील? निदान स्वतःची शाळा तरी नक्कीच.

जुलै २००५ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने त्या कार्यालयातले रॉबर्ट सोरिच यांना पकडलं. पुढच्या वर्षी ते आणि आणखी तिघे दोषी ठरले; सोरिच यांना ४६ महिन्यांची कैद झाली. गुन्हा कोणता? वशिला लावण्याचा नव्हे, तसा गुन्हा कायद्याच्या पुस्तकात सहज सापडत नाही. टपालातून फसवणूक केल्याचा. महापौरांवर आरोप झाला नाही. नेमणुकांवर देखरेख करायला कोर्टाने २००५ मध्येच निरीक्षक बसवला, २००७ मध्ये शहराने डावललेल्यांसाठी १ कोटी २० लाख डॉलर बाजूला काढले, आणि २०१४ मध्ये कुठे कोर्टाने शहराला मोकळं केलं.

डावललेले म्हणजे कोण? कुणी इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला आलं, पाण्याच्या दाबाविषयी बरोबर उत्तरं देऊन गेलं, आणि घरी जाऊन वाट पाहत बसलं. पाण्यातलं कळणाऱ्या आपल्या बाई अशाच एखाद्या दिवशी तिथे बसल्या असत्या. समोर तिघे अधिकारी मान डोलवत होते, आणि गुण आदल्या दिवशीच लिहून झाले होते. आम्हाला विचाराल तर सोरिच प्रकरणातला सगळ्यात वाईट भाग ड्रायव्हरला नोकरी मिळाली हा नाही. या बाईंना प्रवासखर्च करून यायला लावलं, हा आहे. परीक्षामुक्त यादीत निदान त्यांना सांगितलेलं तरी असतं की ही जागा तुमची नाही, घरी बसा.

शिकाऊंनी वहीत इतकंच टिपून घ्यावं: आपला माणूस उघडपणे नेमला तर फार तर वर्तमानपत्रात व्यंगचित्र येतं. लपवून नेमला तर टपालखातं मागे लागतं.

एक आडवळण: काढता न येणारा साहेब

हे सगळं वाचून एखाद्या सज्जन वाचकाला वाटेल की मग सूट कशाला, सगळ्यांनाच परीक्षा आणि सगळ्यांनाच संरक्षण द्या. त्यांना लॉस एंजेलिसला पाठवतो.

तिथला पोलीसप्रमुख नागरी सेवेच्या संरक्षणाखाली होता. एकदा खुर्चीत बसला की जवळजवळ तहहयात. डॅरिल गेट्स १९७८ मध्ये बसले. मार्च १९९१ मध्ये पोलिसांनी रॉडनी किंग याला रस्त्यावर मारलं, कुणीतरी ते गॅलरीतून चित्रित केलं, आणि जगाने पाहिलं. महापौर टॉम ब्रॅडली यांनी गेट्सना राजीनामा द्यायला सांगितलं. गेट्स म्हणाले, नाही. पोलीस आयोगाने त्यांना रजेवर पाठवलं. ते परत आले. ज्या शहराने ब्रॅडलींना पाचव्यांदा निवडून दिलं होतं त्या शहराच्या महापौराला पोलीसप्रमुख बदलता येत नव्हता, आणि दोघं एकमेकांशी बोलतही नव्हते. वॉरन ख्रिस्तोफर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ही खुर्ची संरक्षणातून काढा असं सांगितलं. मारणारे पोलीस एप्रिल १९९२ च्या अखेरीस निर्दोष सुटले, शहर जळलं, आणि जूनमध्ये मतदारांनी सनदेत दुरुस्ती करून टाकली: पोलीसप्रमुखाला पाच वर्षांची मुदत, फार तर दोनदा, नागरी सेवेचं कवच नाही.

तेव्हा सज्जन वाचकहो, परीक्षेने शहाणा माणूस आत येतो हे मान्य, पण आत आलेला शहाणा राहील याची हमी प्रश्नपत्रिका देत नाही.

नेहमीच्या शंका

*भावाला नेमू का?* नेमता येतं, पण मग हितसंबंधांचं मंडळ मध्ये येतं. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनी २०२२ मध्ये आपले बंधू बर्नार्ड यांना आधी पोलीस खात्यात मोठी जागा देऊ केली. त्या मंडळाने परवानगी दिली ती महापौरांच्या सुरक्षेच्या सल्लागाराची, पगार वर्षाला एक डॉलर. आपल्याकडे भावाला एवढ्यावर राजी करणारी वहिनी आम्हाला अजून भेटायची आहे.

*जुन्या महापौरांच्या माणसांना काढू का?* परीक्षामुक्त असतील तर हो. बाकीच्यांना हात लावू नका. १९७६ मध्ये शिकागोच्याच परगण्याचे शेरीफ रिचर्ड एल्रॉड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोरण न ठरवणाऱ्या माणसाला केवळ पक्षावरून हाकलता येत नाही. १९९० मध्ये इलिनॉयच्याच दुसऱ्या खटल्यात हाच नियम भरती आणि बढतीलाही लावला. तिथे राज्यपालांनी भरतीवर बंदी घातली होती आणि अपवाद मात्र आपल्या कार्यालयातून द्यायला ठेवले होते. बंदी घालून अपवाद वाटणं ही कल्पना सुरेख होती, आपल्याकडच्या मंत्रालयालाही दाद द्यावीशी वाटली असती. न्यायालयाला ती सुरेख वाटली नाही.

शेवटचा पाठ: निघताना

चार वर्षं कशी गेली कळत नाही. तुम्ही हरला आहात. नवे महापौर जानेवारीत येणार, आणि त्यांच्या दारात नवी रांग लागली आहे. तिच्या टोकाला बहुधा पुन्हा कुणीतरी पाण्यातलं कळणारं उभं असेल.

आता एक जुनी युक्ती. एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्राध्यक्षांनी ती शोधून काढली. आधी आपली माणसं परीक्षेविना भरायची, आणि पायउतार होताना त्या जागा नागरी सेवेत घालून टाकायच्या. पुढच्याला हात चोळत बसण्यावाचून गत्यंतर नसतं. वरकरणी हे सुधारणेचं पाऊल दिसतं, वर्तमानपत्रं अग्रलेखही लिहितात. गुणवत्तेचं राज्य अमेरिकेत पसरलं त्यात या निरोपाच्या सह्यांचा वाटा मोठा आहे.

पण तुमच्या शहरात नागरी सेवा आयोगाने या प्रस्तावाची सुनावणी फेब्रुवारीत ठेवली आहे. पाण्याच्या बाईंनी मागच्याच आठवड्यात राजीनामा दिला. त्यांना शेजारच्या शहराने बोलावलंय, आणि नवे महापौरही त्यांना थांबवायला फोन करताहेत. ड्रायव्हर मात्र तुमच्या केबिनच्या दारात हातात टोपी घेऊन उभा आहे. चार वर्षं तो ‘विशेष सल्लागार, गतिशीलता’ होता. तो घसा खाकरतो.

“साहेब, ते रस्ते खात्याच्या परीक्षेचे फॉर्म कधी सुटतात?”